पाठीवर सोढीसाहेब

माणसानं भिडस्त असावं, पण त्याला काही सुमार? दिगंबर काळोखे हा कऱ्हाडचा माणूस इतका भिडस्त, की रिक्षावाल्यानं भलत्याच सेक्टरात उतरवलं तर "थँक्यू जी" म्हणून उतरायचा आणि उरलेलं अंतर पायी तुडवायचा. चंदीगडात सगळे चौक एकसारखे दिसतात, त्यामुळे ही तुडवातुडव काही थोडीथोडकी नसायची.

हे दिगंबरराव केंद्र सरकारच्या एका कार्यालयात होते. कार्यालयाचं नाव सांगत नाही, उगाच कुणाला तरी खुलासा द्यावा लागायचा. बदलीवर चंदीगडला आले ते 'दोन वर्षांसाठी'. सरकारी दोन वर्षं ती, ताणत ताणत सहावं लागलं. बायको पद्मजा कऱ्हाडच्या शाळेत गणित शिकवायची, तिनं नोकरी सोडून येण्यात अर्थ नव्हता. लेक अवनी, बाबा निघाले तेव्हा पाचवीत होती आणि स्टेशनवर त्यांच्या बॅगेवर बसून राहिली होती, उठेचना. आता ती अकरावीला होती. बारावी झाली की पुण्याला नाहीतर आणखी लांब शिकायला जाणार, हे घरात ठरल्यातच जमा होतं. म्हणजे लेकीबरोबर एका घरात राहायचं असेल, सकाळी तिच्याशी बाथरूमवरून भांडायचं असेल, तर ते आत्ता. त्यानंतर बदली मिळाली काय नि न मिळाली काय, रिकाम्या खोलीत पंखा लावून बसायचं?

अर्जविनंत्या करून झाल्या होत्या. "विचार चालू आहे," हे उत्तर ठरलेलं. कसला एवढा विचार चालतो कोण जाणे, एवढ्या विचारात एखाद्याला मोक्ष मिळाला असता. आणि मग एके दिवशी वरून फतवा आला: आंतरविभागीय क्रीडास्पर्धेत जो सुवर्णपदक मिळवील, त्याला मागेल ते ठिकाण. रौप्यवाल्याला टिफिनचा डबा.

ऑफिसात धावपळ उडाली. बॅडमिंटनमध्ये कालपरवा लागलेली कोवळी पोरं घुसली. कॅरमला अकाउंट्समधले नंदकुमार होते, ते तर नोकरीत लागल्यापासून कॅरमच खेळत होते. रिकामा राहिला एकच खेळ, ज्युदो. आणि ज्युदो दिगंबररावांना येत होता!

कसा येत होता, तेही ऐका. ऑफिसचे डायरेक्टर हरकीरत सिंग सोढी. तरुणपणी पतियाळ्यात ज्युदो खेळलेले, आता निवृत्तीला टेकलेले. छाती रुंद, आवाज त्याहून रुंद. तीन वर्षांपूर्वी त्यांनी जुन्या कपाटांच्या खोलीत गाद्या टाकल्या आणि मीटिंगमध्ये विचारलं, "लंच में ज्युदो कौन सीखेगा?" सगळ्यांनी माना खाली घालून आपापले बूट बघितले. दिगंबररावांना साहेब बोलत असताना बूट बघणं बरं वाटेना. त्यांनी वर बघितलं. झालं! भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही. तेव्हापासून रोज डबा खाल्ला की सोढीसाहेब त्यांना आपटायचे.

पण शिकवायचेही, खोटं कशाला बोला. एक पंचाईत मात्र होती. ज्युदोत निम्मे डाव पायाचे. समोरच्याच्या पायात पाय घाला, पोटरीवर पाय मारा, पाय ओढा. आणि दिगंबररावांच्या घरचं वळण असं, की कुणाला पाय लागला की वाकून नमस्कार. विचार करून नव्हे, आपोआप. हात जायचाच. सोढीसाहेबांच्या नडगीला यांचा पाय लागायचा, हे वाकायचे, आणि वाकलेल्या माणसाला आपटायला काय लागतं?

"ओ दिगंबर जी," साहेब हैराण होऊन म्हणाले, "आपके लिए एक ही चीज़ है. सेओई नागे."

सेओई नागे म्हणजे खांद्यावरून फेकायचा डाव. जपान्यांचा जुना, खानदानी. समोरच्याला आपल्याकडे खेचायचं, गर्रकन वळून त्याला पाठ द्यायची, त्याच्या काखेखालून आपला हात घालून त्याला पाठीवर घ्यायचं, गुडघे सरळ करायचे आणि पुढे वाकून त्याला समोर आडवा करायचा. पाठ सपशेल टेकली की डाव संपला, तुम्ही जिंकलात. पाय लागायचा प्रश्नच नाही. कऱ्हाडच्या मार्केट यार्डात हमाल गुळाचे रवे, ढेपा म्हणा, पाठीवरून उतरवतात, तसंच साधारण; फक्त गूळ तुमची कॉलर धरून बसत नाही. याचे पोटप्रकारही आहेत. एक हात काखेत घालून करायचा तो एक. दोन्ही हातांनी कपडे धरूनच वळायचं तो दुसरा. एकदम गुडघ्यांवर बसून समोरच्याला डोक्यावरून न्यायचं तो तिसरा. दिगंबररावांचे गुडघे तिसऱ्याला बसायचे पण उठायचे नाहीत, आणि दुसऱ्यात मनगटं कुरकुरायची. म्हणून ते पहिल्यावर राहिले. रात्री खोलीत कपाटाच्या मुठीला टॉवेल बांधून वळायचा सराव करायचे. घरमालकीणबाई खालून ओरडायच्या, "भाईसाब, शिफ्टिंग हो रही है क्या?"

"व्हायचीय, व्हायचीय," दिगंबरराव मनात म्हणायचे.

ज्युदोच्या खुल्या गटात दिगंबररावांनी नाव दिलं. आणि माशी शिंकली. दुसरं कुणी नावच देईना! एकट्यानं सुवर्णपदक मिळत नाही, निदान दोघं तरी लागतात. दिगंबरराव तोंड पाडून साहेबांकडे गेले.

"इसमें क्या है?" सोढीसाहेब म्हणाले. "मैं नाम दे देता हूँ."

दिगंबरराव "थँक्यू जी" म्हणणार, तेवढ्यात साहेबांनी बोट वर केलं.

"लेकिन एक बात. जान के नहीं हारूँगा. सोढी की पीठ आज तक मॅट को नहीं लगी. हरा के जाओ. हराओगे तो बदली का कागज़ उसी दिन साइन, पक्का."

म्हणजे बघा. ज्यांच्यामुळे मॅच होणार, ज्यांना आपटल्याशिवाय घरी जाता येणार नाही आणि घरी जाण्याच्या कागदावर ज्यांची सही हवी, ते तिघंही एकच सोढीसाहेब. पद्मजाला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, तुम्ही त्यांना आपटणार? तुम्हाला भाजीवाल्याकडे कढीपत्ता फुकट मागता येत नाही!"

मॅचचा दिवस उजाडला. बत्तीस सेक्टरच्या जवळपास एक हॉल घेतला होता. रेफरी रोहतकचे, कादियान नावाचे, नियम म्हणजे नियम अशा तोंडाचे. सोढीसाहेब डोक्याला निळा पटका घट्ट बांधून आले, पांढऱ्या ज्युदोच्या कपड्यांत एखाद्या धर्मशाळेसारखे भव्य दिसत होते. ऑफिसातली मंडळी आलू-पराठे घेऊन बसली होती.

ठरलेल्या वेळात काही झालं नाही. दिगंबररावांचा पाय एकदा साहेबांना लागला आणि ते नमस्काराला वाकले. साहेबांनी झडप घातली, पण तोवर कादियाननी दोघांना सोडवलं. वेळ संपली, बरोबरी. मग जादा वेळ. या जादा वेळेला घड्याळ नसतं, कुणीतरी पडेपर्यंत खेळायचं. हा नियम ज्यानं केला त्यानं सोढीसाहेब बघितले नव्हते.

आणि जादा वेळ सुरू होताच दिगंबररावांना ती फट दिसली. साहेबांनी उजवा हात जरा लांब टाकला. दिगंबररावांनी तो ओढला, वळले, काखेत हात घातला, गुडघे सरळ केले. सोढीसाहेब जमिनीवरून उचलले गेले! पाठीवर आले! ऑफिस उभं राहिलं. आता फक्त पुढे वाकायचं. कऱ्हाड चार बोटांवर होतं.

"एक मिनट दिगंबर जी," कानाशी आवाज आला, "एक बात सुनो."

दिगंबरराव थांबले.

काय करणार! मोठं माणूस बोलत असताना मध्ये काही करायचं नाही, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. साहेबांचं वाक्य पूर्ण होऊ दे, मग टाकू, असा साधा सरळ विचार. आणि सोढीसाहेबांना हे पुरतं ठाऊक होतं. तीन वर्षं डबा खाल्ला होता बरोबर.

"बात ये है," साहेब पाठीवरून म्हणाले, "कि पतियाळा में हमारे एक उस्ताद थे, और उनकी एक भैंस थी, और वो भैंस जो थी…"

म्हैस जी सुरू झाली ती संपेना. पूर्णविराम म्हणून येईना. म्हशीवरून उस्तादांच्या मेहुण्यावर, मेहुण्यावरून त्याच्या ट्रॅक्टरवर, 'और', 'तो फिर', 'अब सुनो' अशी वाक्याला वाक्य अडकवत साहेब चालले होते. दिगंबररावांच्या कपाळावर घाम. अकाउंट्सचे नंदकुमार मराठीत ओरडले, "अरे काळोखे, टाक की!"

"बोलतायत ते," दिगंबरराव दाताखालून म्हणाले.

कादियान पेचात पडले. डाव थांबला असेल तर सोडवायचं. पण डाव थांबला कुठे? एक माणूस दुसऱ्याच्या पाठीवर आहे, पाय अधांतरी आहेत, फेकणं चालू आहे, फक्त सावकाश. त्यांनी बराच वेळ विचार करून हाताने खूण केली: चालू द्या.

तेवढ्यात दारातून झुंबाच्या क्लासच्या बायका आल्या. हॉल दुपारी त्यांचा होता. म्होरक्या बाईंनी स्पीकर मॅटवर ठेवला आणि म्हणाल्या, "भाईसाब, ये जो भी कर रहे हो, बाहर करो."

कादियाननी नियम सांगितला. डाव मॅटच्या आत सुरू झाला असेल आणि तुटला नसेल, तर बाहेर गेला तरी तो चालूच धरायचा. "एक चक्कर मार के आ जाओ," ते म्हणाले, "मैं साथ चलता हूँ." आणि अशा रीतीनं दिगंबर काळोखे आपल्या डायरेक्टरना पाठीवर घेऊन चंदीगडच्या रस्त्यावर आले, मागे कोट-टाय घातलेले रेफरी.

नोव्हेंबरचं ऊन होतं म्हणून बरं. उभं राहण्यापेक्षा चालणं सोपं, ओझं वाहिलेल्या कुणालाही विचारा. आता रस्त्यावर तर टाकताही येईना, साहेबांचं डोकं फुटायचं. सोढीसाहेब मजेत होते. मेहुण्याच्या लग्नातल्या बुंदीपर्यंत आले होते.

वाटेतल्या हॉस्पिटलच्या फाटकाशी गार्ड धावत आला. "पेशंट है? इमर्जन्सी उधर से!"

"पेशंट नहीं है, ज्युदो की बाउट है," कादियान म्हणाले.

"बाउट का वॉर्ड नहीं पता जी, अंदर पूछ लो," गार्ड म्हणाला. दोन शिकाऊ डॉक्टर पोरी चहा पीत उभ्या होत्या, त्यांनी दिगंबररावांच्या कंबरेकडे बघून आपापसात पैज लावली.

चौकात ट्रॅफिकच्या हवालदारानं शिट्टी मारली. चंदीगडचा हवालदार तो, सिग्नलला मुंगीनं रेघ ओलांडली तरी बाजूला घ्यायचा. त्यानं दिगंबररावांना आपादमस्तक न्याहाळलं, कुठल्या कलमात बसवावं याचा अंदाज घेतला आणि म्हणाला, "पीछे वाले का हेल्मेट?" मग त्याची नजर साहेबांच्या पटक्यावर गेली. "अच्छा, सरदार जी हैं. इनको माफ है. जाओ." दिगंबररावांनी सवयीनं "थँक्यू जी" म्हटलं.

छोले-कुलच्याच्या गाडीशी साहेबांना भूक लागली. ते पाठीवरच कुलचा खाऊ लागले. चावताना बोलणं थांबायचं, तेवढ्यापुरता दिगंबररावांच्या जीवात जीव यायचा. पण खाली फुटपाथ होता. कांद्याचे तुकडे त्यांच्या कॉलरीत पडत होते. "आप भी लो," म्हणून साहेबांनी एक घास पुढे करून भरवला. साहेबांनी देऊ केलेलं नाही कसं म्हणायचं? खाल्ला. तिखट होता. दिगंबररावांना वाटलं, आता रडावं. आपण मूर्ख आहोत, शुद्ध मूर्ख. लेक तिकडे मोठी होतेय आणि आपण इथं साहेबांना पाठीवर घेऊन कुलचा खातोय, कारण त्यांचं बोलणं संपत नाही.

परतीच्या वाटेवर म्हैस संपली. कशी संपली ते दिगंबररावांनाही कळलं नाही. पण साहेब बोलतच होते, फक्त आवाज खाली आला होता. आता ती युक्ती राहिली नव्हती. पहिल्यांदा ते वाऱ्यावर बोलत होते, आता कानात.

घरी बोलायला कोणी नाही, म्हणाले. बायको जाऊन चार वर्षं झाली. मोहालीत मुलासाठी फ्लॅट घेऊन ठेवलाय, त्याच्या कुलपाला महिन्यातून एकदा तेल घालून येतात. मुलगा परदेशात, ब्रॅम्प्टनला. रविवारी फोन येतो, तिकडे त्याची भाजी आणायची वेळ असते, त्यामुळे दुकानातल्या थंड कपाटांचाच आवाज जास्त. "लंच में आपको पटकता हूँ ना," साहेब म्हणाले, "सारे दिन में बस वही एक बात होती है मेरी किसी से."

आपण गेलो की साहेबांना आपटायला कोण मिळणार, हे दिगंबररावांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. एक पाऊल त्यांनी हळू टाकलं, साहेबांना हिसका बसू नये म्हणून.

हॉलमध्ये शिरले तेव्हा बायका स्पीकर आवरत होत्या. त्या गेल्या नाहीत, भिंतीला टेकून बसल्या. ऑफिसातली मंडळी पराठे संपवून पेंगत होती. दिगंबरराव मॅटच्या मधोमध येऊन उभे राहिले. खाली मऊ गादी होती, वर साहेब होते, आणि साहेबांचं चालू होतं.

"हमारी भी पोस्टिंग होती थी दिगंबर जी. गुवाहाटी, भोपाळ, फिर कोची. हर बार दो साल बोल के जाते थे. लड़का छोटा था. मैं सोचता था, ठीक है, एक बार घर बैठ गए तो फिर साथ ही साथ है. फिर ट्रान्सफर मिली. घर पहुँचा. दरवाज़ा उसी ने खोला." साहेबांनी पाठीवरच पटका सावरला. "उसने मुझसे हाथ मिलाया. जैसे अंकल लोगों से मिलाते हैं, वैसे. 'हॅलो पापा.' बड़ा अच्छा लड़का है, तमीज़वाला. मैंने भी मिला लिया हाथ. और मैंने सोचा, कोई बात नहीं, अभी तो बहुत टाइम प—"

दिगंबररावांनी साहेबांना टाकलं.

वाक्याच्या मध्ये! जन्मात पहिल्यांदा मोठ्या माणसाचं बोलणं तोडलं. गुडघे सरळ झाले, कंबर वाकली, आणि सोढीसाहेब त्यांच्या खांद्यावरून, कुलच्यासकट, पटक्यासकट, चाळीस वर्षांच्या अजिंक्य पाठीसकट वरून खाली आले. धाडकन आवाज झाला. झुंबाच्या बायका किंचाळल्या. कादियाननी हात सरळ आभाळाकडे नेला. सपशेल पाठ. डाव संपला.

सोढीसाहेब छताकडे बघत पडले होते. डोळ्यांतून पाणी कानांकडे चाललं होतं. लागलं होतं की काय, कळत नव्हतं. दिगंबरराव त्यांच्याशेजारी मटकन खाली बसले. पाठ कायमची वाकडी झाल्यासारखी वाटत होती.

"पूरी बात तो सुन लेता यार," साहेब म्हणाले.

"सुन ली, सर," दिगंबरराव म्हणाले. "पूरी सुन ली."

साहेबांनी मान हलवली. मग पडल्यापडल्याच त्यांनी दिगंबररावांच्या खांद्यावर दोनदा थोपटलं, ज्या खांद्यावरून आले होते त्याच. "फोन कर," ते म्हणाले. "घर पे फोन कर पहले."

घाईत दोनदा भलताच नंबर लागला. मग अवनीनं उचलला. मागे क्लासचा गोंगाट होता.

"बोला ना बाबा, पटकन. लेक्चर आहे."

"अगं, घरी येतोय मी."

"अच्छा." मग अगदी नीट, समजूतदारपणे, पाहुण्याला विचारावं तसं तिनं विचारलं, "किती दिवस?"

दिगंबररावांनी तोंड उघडलं. फोन स्पीकरवर कधी गेला होता देव जाणे, सगळ्या हॉलनं तो प्रश्न ऐकला होता. सोढीसाहेबांना मराठी येत नव्हतं, पण एवढं कळायला मराठी कशाला लागतं?

"हमेशा के लिए, बेटा!" ते जमिनीवरूनच गरजले. "मैं साइन कर रहा हूँ! बस कोई मुझे उठा दे पहले!"